सत्तरीतले पंचवीस वर्षांचे सागवान : एका कुटुंबाच्या लागवडीचा हिशेब

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून तालुक्यातल्याच ठाणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात तीन भावंडांची मिळून सुमारे २४ हजार चौरस मीटर जमीन आहे. खाली ओहळाच्या काठाने कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, त्याला लागून पायथ्याची खोल माती, एका अंगाला काजूचा उतार आणि वर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. वडिलांनी १९९८ च्या पावसाळ्यात कुळागराच्या कडेपासून थेट सड्यापर्यंत १० हजार चौरस मीटरचा पट्टा सागवानाखाली आणला. पंचवीस वर्षांनी, २०२३ साली, थोरल्या भावाच्या मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च समोर उभा राहिला आणि बाबांचे सागवान आता विकावे का, हा विषय घरात निघाला. व्यापारी आला, पट्ट्यातून एक फेरी मारली आणि सगळ्या झाडांचा मिळून उक्ता भाव सांगून गेला. घरच्यांनी मनात धरलेल्या रकमेच्या तो चौथाईही नव्हता.

शेतजमिनींचे हिशेब आणि कागद पाहणे हे माझे काम, म्हणून मला बोलावणे आले. व्यापारी फसवतो आहे, अशी घरच्यांची खात्री होती. मोजणी केल्यावर निघाले ते वेगळेच. गोव्यात झाडे लावून पैसा गुंतवू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल असे त्यात बरेच आहे, म्हणून कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण सविस्तर मांडतो. नावे आणि गाव मात्र देत नाही.

लागवड

नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांत सागवान योजनांच्या जाहिराती भरभरून येत. थोडी रक्कम भरा, तुमच्या नावची झाडे आम्ही वाढवू, वीस वर्षांनी लाखो रुपये घेऊन जा, असा त्यांचा सूर असे. त्यातल्या पुष्कळ योजना बुडाल्या आणि १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम आणले. वडील त्या वाटेला गेले नाहीत. जमीन स्वतःची, मेहनत स्वतःची, स्टंप पारखून विकत आणलेले. त्यांचा हा निर्णय शहाणपणाचा होता असेच मी म्हणेन. जाहिरातींतली एक समजूत मात्र त्या काळातल्या सगळ्यांसारखी त्यांच्याही मनात रुजली होती : साग कुठेही येतो, आणि वीस-पंचवीस वर्षे थांबले की त्याचे सोने होते.

स्टंप म्हणजे रोपवाटिकेतले वर्षभराचे रोप उपटून, मुळाचा वीतभर भाग आणि खोडाचे पेरभर बुडखे ठेवून बाकी छाटलेले. पाऊस लागला की पहारेने भोक पाडून ते ठोकून बसवतात. दोन मीटर बाय दोन मीटर अंतर धरले तर हेक्टरी २,५०० बसतात, आणि इथे तेवढेच बसवले होते. इतके दाट लावण्यामागे कारण असते. झाडे उजेडासाठी चढाओढ करत सरळ वर जातात, बाजूच्या फांद्या कमी राहतात, रानमोडीसारख्या तणाला ऊन मिळत नाही. पण दाट लावायचे तर पुढे विरळणी करावीच लागते. पाचव्या-सहाव्या वर्षी एकाआड एक ओळ काढायची, दहाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा निवडून काढायची, म्हणजे राहिलेल्या झाडांना अंग धरायला जागा मिळते. लावणी मन लावून झाली. विरळणी बहुतेक पट्ट्यात झालीच नाही. थोरला भाऊ म्हणाला, "वाढणारे झाड कोण कशाला तोडणार? मन होत नाही." शेतकऱ्याच्या तोंडून हे मी नेहमी ऐकतो, आणि लाकडाच्या लागवडीत सर्वांत महाग पडणारी भावना हीच आहे.

एक हेक्टर, तीन निकाल

पट्टा एकच, जात एकच, वर्ष एकच. तरीही मोजणीच्या वेळी तिथे तीन वेगवेगळी राने उभी होती.

सड्यावरचा भाग साडेचार हजार चौरस मीटरचा. वर हातभर माती, खाली जांभा. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबते आणि जानेवारी सरली की जमीन कोरडी ठाक. सागाला खोल आणि निचऱ्याची माती लागते. जांभ्यावर आणि पाणथळ जागी तो खुरटतो. इथली झाडे पंचवीस वर्षांत सरासरी १७ इंच घेराची झाली आहेत. बहुतेक वाकडी, आठ फुटांच्या पुढे सरळ सोट नाही. लावलेल्या अकराशेच्या वर झाडांतली सहाशेच्या आसपास उरली आहेत.

त्यात आग. सड्यावरचे गवत फेब्रुवारीत वाळते, तोवर सागानेही पाने गाळलेली असतात, आणि ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास जे वणवे पेटले त्या दिवसांत या पट्ट्याचा वरचा भागही होरपळला. उतारावर खोडाच्या वरच्या अंगाला पाला साचतो, म्हणून जळल्याची खूण नेहमी त्याच बाजूला सापडते. मोजणीला आलेल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, अशा एका काळ्या खुणेत पटाशीचे टोक घातले, ते चार बोटे आत गेले. खालून पाहणाऱ्याला ते झाड धडधाकट दिसत होते. सौदा करताना व्यापारी झाडाला चहूबाजूंनी फेरी मारतो तो यासाठी.

आगीचे दुसरे नुकसान मातीचे. सागाचे पान मोठे, त्यावर जमलेले पाणी जाड थेंबांनी खाली आदळते. खाली पाला आणि झुडपे असतील तर मार झेलला जातो. पाला जळून गेलेला असेल तर माती धुपते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उघड्या उतारावरची माती किती टिकणार? वरच्या भागात मुळ्या उघड्या पडल्या आहेत. दर डिसेंबरात आग अडवणारा चार-पाच मीटर रुंदीचा जाळपट्टा साफ केला असता तर हे बरेचसे टळले असते, आणि त्याला दोन माणसांची थोड्या दिवसांची मजुरी पुरली असती.

पायथ्याचा दाट भाग साडेतीन हजार चौरस मीटरचा. माती उत्तम. झाडे उंच, सरळ, पाहणाऱ्याला भरगच्च वाटणारी. इथे साडेतीनशे झाडे उरली आहेत, म्हणजे हजार चौरस मीटरला शंभर. बाकीची सावलीत गुदमरून आपोआप मेली. उरलेल्यांचा सरासरी घेर २४ इंच.

तिसरा भाग कुळागराला लागूनची दोन हजार चौरस मीटरची पट्टी. सागाची सावली पोफळीवर पडू लागली, शेंड्याकडून पोफळी झुकू लागल्या, म्हणून वडिलांनी रीतसर परवानगी काढून सातव्या वर्षी एकाआड एक ओळ काढली आणि बाराव्या वर्षी पुन्हा निवडून झाडे काढली. सागाचे भले व्हावे हा त्यांचा हेतू नव्हता, पोफळीला ऊन मिळावे एवढेच. मोजणीच्या वेळी या पट्टीत ५६ झाडे होती, हजार चौरस मीटरला २८. त्यांचा सरासरी घेर ४० इंच.

दोन खुंट

पट्टीतल्या झाडांना कुळागराच्या पाटाचे पाणी झिरपून मिळते, म्हणून ती जाड झाली असतील, अशी शंका कुणालाही येईल. मलाही आली. तिचे उत्तर योगायोगाने मिळाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात दोन्ही भागांतली काही झाडे मोडली होती आणि त्यांचे खुंट करवतीने सपाट कापून ठेवलेले होते. एक पट्टीतला, एक दाट भागातला. मेस्ताने दोन्हींवर रंधा मारला, मग पॉलिश कागद घासला आणि ओल्या फडक्याने पुसले.

सागात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. पानगळीनंतरच्या नव्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ पडते, तिच्यावरून वर्षे मोजता येतात. दोन्ही खुंटांवरची पहिली सात वलये जवळजवळ सारखी होती, एकेक साधारण आठ मिलिमीटर रुंद. सातव्या वलयापर्यंत हे दोन खुंट एकमेकांपासून ओळखू आले नसते. पाटाचे पाणी हेच कारण असते तर फरक पहिल्यापासून दिसायला हवा होता. आठव्यापासून पट्टीतल्या खुंटाची वलये सहा-सहा मिलिमीटरने पुढे गेलेली आणि दाट भागातल्या खुंटाची इतकी जवळ आलेली की मोजताना सुईचे टोक टेकवत जावे लागले. दोन मिलिमीटरच्या थोडे वर एकेक. पाण्याचा थोडा हातभार असेलही, पण सातव्या वर्षी जे घडले ते विरळणीने घडले.

मेस्ताने दुसरी गोष्ट दाखवली ती गाभ्याची. सागाची किंमत त्याच्या तपकिरी गाभ्याला असते. बाहेरचा पांढरट थर वाळवी आणि भुंगेरा लवकर खातात, चौकटीला तो चालत नाही. पांढऱ्या थराची जाडी दोन्ही खुंटांत फारशी वेगळी नव्हती. बारीक खोडात मात्र तेवढ्याच थराने निम्म्याहून जास्त जागा व्यापली होती. "दादा, हे झाड उभे असताना मोठे दिसते," मेस्त थोरल्या भावाला म्हणाला, "पण करवतीवर चढवले की दाराची चौकट निघत नाही. रीप निघते, पट्टी निघते." व्यापाऱ्याचा भाव इतका खाली का होता, ते घरच्यांना या वाक्याने कळले. माझ्या कुठल्याही कोष्टकाने ते इतके चटकन कळले नसते.

घेराचे गणित

गोल लाकूड घनफुटात मोजायची व्यापारातली रीत अशी : ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर इंचांत आणि लांबी फुटांत असेल तर १४४ ने भागायचे. या रीतीने येणारे माप खऱ्या गोल घनफळाच्या साधारण ७८ टक्के भरते. कापताना जाणारी घट त्यात धरलेली असते. घेर सालीसकट घ्यायचा की साल सोडून, हे सौद्याआधी बोलून घ्यावे. भांडणे तिथेच होतात.

सड्यावरचे झाड : १७ इंच घेर, ८ फूट लांबी. जेमतेम १ घनफूट.

दाट भागातले झाड : २४ इंच घेर, १५ फूट लांबी. पावणेचार घनफूट.

पट्टीतले झाड : ४० इंच घेर, १८ फूट लांबी. साडेबारा घनफूट.

आता हजार चौरस मीटरचा हिशेब पाहा. दाट भागात १०० झाडे, म्हणजे ३७५ घनफूट. पट्टीत २८ झाडे, म्हणजे ३५० घनफूट. जमिनीने दोन्हीकडे जवळपास तेवढेच लाकूड दिले आहे. फरक एवढाच की एकीकडे ते शंभर बारीक खोडांत वाटले गेले आणि दुसरीकडे अठ्ठावीस जाड खोडांत साठले. विरळणीला घाबरणाऱ्या शेतकऱ्याला मी हीच दोन गणिते दाखवतो. झाड तोडल्याने लाकूड कमी होते ही भीती असते. लाकूड कमी होत नाही, ते उरलेल्या झाडांत जाते.

आणि भाव? रुपये मुद्दाम देत नाही, कारण ते जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतात. तीन सॉ मिलमध्ये विचारल्यावर जे प्रमाण निघाले ते सांगतो. दाट भागातल्या २४ इंची लाकडाचा घनफुटाचा भाव एक धरला तर पट्टीतल्या ४० इंची लाकडाला अडीचपट मिळत होता आणि सड्यावरच्याला निम्म्याहून कमी. सड्यावरची झाडे तर घनफुटावर कुणी घेतच नव्हते, खांब म्हणून नगावर मागत होते. सगळी बेरीज केल्यावर चित्र असे : सागवानाखालच्या जमिनीचा पाचवा हिस्सा असलेली पट्टी एकूण किमतीच्या निम्म्याहून जास्त किंमत देते, आणि जवळजवळ निम्मी जमीन व्यापणारा सडा दहाव्या हिश्शाइतकीही देत नाही. उक्त्या सौद्यात व्यापारी सगळ्यांची सरासरी करून स्वतःला राखून भाव सांगतो. भाग वेगळे मोजून वेगळे विकायला काढल्यावर पट्टीसाठी त्याच व्यापाऱ्याने चांगला भाव दिला.

कागद

हे प्रकरण सर्वांत जास्त अडले ते कागदावर, आणि याचा विचार १९९८ मध्ये कुणीच केला नव्हता.

गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची, म्हणजे वनखात्याच्या उपवनसंरक्षकाची, परवानगी लागते. तोडल्यावर नवी झाडे लावण्याची अट असते, आणि लाकूड रस्त्यावर आणायचे तर वेगळा वाहतूक परवाना. यातले काही अवघड नाही, पण अर्जदार जमिनीचा मालक आहे हे आधी दिसावे लागते. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, अजून वडिलांचेच नाव होते. ते २०११ मध्ये वारले. त्यानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालीच नव्हती.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या इथल्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, सामाईक धरली जाते. वारसाहक्काने आलेलीही त्यात येते. वारसांची वाटणी इन्व्हेंटरीच्या रीतीने होते आणि तिच्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून इथे सह्या तीन भावंडांच्याच लागल्या असे नाही, त्यांच्या जोडीदारांच्याही लागल्या. एक भाऊ मुंबईत, बहीण बेळगावात दिलेली. बहिणीने सहीआधी थोरल्याला सांगितले, "दादा, झाडे बाबांनी लावली. तुझ्या मुलीच्या शिक्षणाला माझा नकार नाही. पण कुणाचा वाटा किती ते आधी कागदावर येऊ दे." काही दिवस घरात त्यावरून अबोला होता. मला तिचे म्हणणे पूर्ण योग्य वाटते. पंचवीस-तीस वर्षांच्या गुंतवणुकीत लावणारा आणि विकणारा बहुधा वेगवेगळे असतात. लावतानाच वाट्याचा विचार झाला असता तर ही कटुता आली नसती.

दुसरी धास्ती खाजगी जंगलाची. गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कुणाचीही असो, जमीन जंगल ठरली तर १९८० चा वन संवर्धन कायदा तिला लागू होऊ लागला. गोव्यात अशी खाजगी जंगले शोधायला सावंत समिती आणि करापूरकर समिती नेमल्या गेल्या. निकष तीन : झाडांत वनवृक्षांचे प्रमाण ७५ टक्के, झाकोळ, म्हणजे झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेल्या जमिनीचे प्रमाण, किमान ०.४, आणि सरकारी जंगलाला लागून नसलेला तुकडा असेल तर क्षेत्र किमान ५ हेक्टर. या कुटुंबाची सगळी जमीनच अडीच हेक्टरच्या आत आहे. पण शेजारच्या पडीक डोंगरावर रान माजलेले, आणि दोन्हींच्या मध्ये कुंपण नाही. सर्व्हे क्रमांक खाजगी जंगलाच्या यादीत आहे का, हे तपासून घेतले. तो नव्हता. तरीही एक-चौदाच्या उताऱ्यावर जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड असे रकाने असताना सागाच्या लागवडीचा कुठेही उल्लेख नव्हता, ही उणीव मोठी होती. सुदैवाने वडिलांनी स्टंप खरेदीची पावती आणि विरळणीच्या परवानगीची दोन पत्रे एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. रान आपोआप वाढलेले नाही, लावलेले आहे, याचा तोच पुरावा ठरला.

हीच कागदपत्रे प्राप्तिकरातही कामाला येतात. आपोआप उगवलेल्या जंगलाचे उत्पन्न आणि मशागत करून वाढवलेल्या झाडांचे उत्पन्न यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनयकुमार सहसराय प्रकरणात भेद केला. मशागतीने वाढवलेल्या झाडांचे उत्पन्न शेतीचे ठरते. लावणी, खुरपणी, खत यांचा खर्च कुणीतरी वहीत लिहून ठेवलेला हवा. वडिलांची वही सहाव्या वर्षी संपली होती. पुढची वर्षे मजुरांच्या आठवणीवरून भरावी लागली.

मुंबईच्या भावाला हे सगळे ऐकून वाटले, सगळी झाडे एकदाच विकून मोकळे व्हावे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला होता, आणि सत्तरीतल्या अनेक घरांत तेव्हा हीच चर्चा होती. यांची जमीन अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. घाबरून विकलेल्या लाकडाला घाबरलेलाच भाव मिळतो, एवढे मी त्यांना सांगितले आणि पुढचे गणित समोर ठेवले.

काय विकायचे, काय राखायचे

झाड ठेवायचे की काढायचे, हे ते पुढच्या दहा वर्षांत किती कमावेल यावरून ठरवावे. बँकेत ७ टक्क्यांनी पैसे दहा वर्षांत जवळपास दुप्पट होतात. झाडाने त्याहून चांगले करावे.

पट्टीतले ४० इंची झाड दहा वर्षांत ४६ इंचांवर गेले, तर साडेबाराचे साडेसोळा घनफूट होईल. म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांहून कमी वाढ. भावाची पायरी त्याने आधीच गाठली आहे, आणखी जाड झाल्याने घनफुटामागे फारसे जास्त मिळणार नाही. दाट भागातले निवडक झाड मोकळे केल्यावर २४ चे ३० इंच झाले, तर पावणेचारचे जवळपास सहा घनफूट होईल आणि भावही साधारण दीडपट-पावणेदोनपट चढेल. दोन्ही मिळून वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. सड्यावरचे झाड काहीच करणार नाही.

म्हणजे विकायला योग्य झाली होती ती सर्वांत देखणी झाडे, आणि राखण्यासारखी होती ती मधली. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. पट्टीतली झाडे त्यांना वडिलांची आठवण म्हणून ठेवायची होती आणि बारीक झाडे काढून टाकायची होती. भावनेचा मान राखून पट्टीतली सहा झाडे ठेवली, पन्नास विकली. मुलीच्या शिक्षणाचा पहिल्या वर्षांचा खर्च त्यातून उभा राहिला.

दाट भागात निवड मी आणि मेस्ताने मिळून केली. उशिराची विरळणी प्रत्येक झाडाला लागू पडत नाही. ज्याचा हिरवा शेंडा उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी उरला आहे ते झाड जागा मिळूनही जाड होत नाही, वाऱ्यात मोडते मात्र. म्हणून शेंडा चांगला असलेली, सरळ, बुंध्याला आगीची खूण नसलेली झाडे राखली. ती साडेतीनशेतली एकशे तीस निघाली. एकदम सगळी मोकळी केली तर वादळात आडवी होतील, म्हणून बाकीची दोन टप्प्यांत काढायची ठरली, मधे दोन वर्षांचे अंतर ठेवून. तोडलेले खुंट जमिनीलगत कापले आहेत. साग खुंटावरून पुन्हा फुटतो. एका खुंटावर एकच जोमदार फुटवा राखला तर नवे रोप न लावता दुसरी पिढी उभी राहते. फुटवे मोजून काढायचे काम घरच्यांनी अंगावर घेतले आहे.

मधल्या मोकळ्या जागेत फणस लावायचा आग्रह मी धरला. पायथ्याच्या मातीत फणस चांगला येतो, फळ देतो, त्याच्या खरखरीत सालीवर मिरीचा वेल धरतो, आणि लाकूडही दारा-खिडक्यांसाठी मागणीचे आहे. साग पाने गाळतो तेव्हा फणसाची सावली जमिनीवर राहते. सध्या गावोगाव मोहगनीची आणि चंदनाची रोपे घेऊन फिरणारे विक्रेते वीस वर्षांनंतरचे आकडे रंगवून सांगतात. अशा विक्रेत्याला मी दोनच गोष्टी विचारायला सांगतो : या तालुक्यात या जातीचे वीस वर्षांचे रान कुठे उभे आहे ते दाखवा, आणि पहिली विरळणी विकत कोण घेणार ते सांगा.

सड्यावरची झाडे खांब म्हणून दिली. तिथे साग पुन्हा लावायचा नाही, यावर तिघांचेही एकमत आहे. जिथे मातीची खोली दोन हातांहून जास्त आहे तिथे वेंगुर्ला ७ ची काजू कलमे सात मीटरवर लावायची आहेत. सड्याच्या साडेचार हजार चौरस मीटरमध्ये नव्वदच्या आसपास बसली असती, पण पहार मारून पाहिल्यावर माती असलेल्या जागा पन्नासच्या वर निघाल्या नाहीत. उरलेल्या खडकाळ कडेला माणगा बांबू लावला आहे. बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून तो दरसाल थोडा पैसा देतो. लाकडाची वाट पाहणाऱ्या घराला मधल्या काळात असा पैसा लागतोच. गवे सड्यावर उतरतात आणि कोवळी कलमे मोडतात, त्यामुळे कुंपण झाल्याशिवाय कलमे लावू नयेत असे ठरले. कुंपणाचा खर्च उतारावरच्या जुन्या काजूच्या पुढच्या हंगामावर टाकला आहे.

इन्व्हेंटरीचे काम वाळपईच्या वकिलांकडे चालू आहे. राखलेल्या १३६ झाडांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले आणि प्रत्येकाचा घेर, छातीच्या उंचीवर मोजून, एका वहीत उतरवला. त्या वहीची प्रत इन्व्हेंटरीच्या मालमत्ता यादीला जोडायला दिली आहे. एरवी यादीत नुसते 'सागवान असलेली जमीन' लिहिले जाते, आणि कुणाच्या वाट्याला सडा येतो, कुणाच्या वाट्याला पायथा, यावर पुढची पंधरा वर्षे भावंडे भांडत राहतात. बहिणीने आपला वाटा जमिनीत न मागता झाडांत मागितला आहे : पायथ्याच्या भागातले ठरावीक क्रमांक, तोडीच्या वेळी. असे लिहून घेता येते का, आणि त्या झाडांच्या राखणीचा खर्च कुणी करायचा, हे दोन मुद्दे वकिलांकडे आहेत.